परवाचं प्रोटीन

हैदराबादेत मी ‘परवा’ या शब्दाचा अर्थ परवा असा घेतला. एवढीच माझी चूक. बाकी जे झालं ते त्या चुकीनं आपलं आपण करून घेतलं.

मी पुण्याचा. हे वेगळं सांगायला नको असं माझ्या गाईड बाई म्हणायच्या. मी तोंड उघडलं की कळतं, आणि नाही उघडलं तर जास्तच कळतं. विषाणूंवर पीएच.डी. करायला मी तारनाक्याला त्यांच्या लॅबमध्ये दाखल झालो, तेव्हा पहिल्या दिवशी त्यांना ‘मॅडम’ म्हणालो. त्यांनी मागं वळून पाहिलं, मागं कुणी नव्हतं. ‘मॅडम साडीच्या दुकानात असतात,’ म्हणाल्या. ‘मी बाई आहे. तू पुणे ना? बस.’ तेव्हापासून मी ‘पुणे’ झालो. माझं खरं नाव त्यांनी फक्त सह्या करायच्या वेळी वापरलं, तेही शेजारी बसलेल्या शैलजाला विचारून.

बाईंचं घराणं जुन्या हैदराबादचं. आजोबा निजामाच्या काळातले वकील, वडील सरकारी नोकरीत. घरची भाषा मराठी, पण तिच्यात दखनी आणि तेलुगू इतकी वर्षं राहिलेली की कोण पाहुणं आणि कोण घरचं हे कुणी विचारत नव्हतं. ‘काय करायलास?’, ‘हौ, ठेव तिथं’, ‘हल्लू हल्लू ओत’ ही लॅबमधली रोजची मराठी. मी पहिल्याच आठवड्यात मोठ्या आपुलकीनं त्यांना सुधारायला घेतलं.

झालं असं की चहा पिताना बाई म्हणाल्या, ‘परवा आमचे आजोबा कोर्टात उभे राहिले तर निजामाचा जज्ज झोपलेला.’ मी म्हणालो, ‘बाई, परवा म्हणजे कालच्या आदला दिवस.’ बाईंनी कप खाली ठेवला. ‘मग कालच्या आधी जे जे झालं, त्या सगळ्याला तुमच्यात वेगळे वेगळे शब्द आहेत का?’ मी म्हणालो, आहेत. ‘कामं नाहीत का रे पुण्यात?’ त्यांनी विचारलं, आणि कप उचलला.

शैलजा वरंगळची, माझ्याच वर्षाची. तिनं नंतर मला बाजूला घेऊन हिंदीत समजावलं की इथं परसों म्हणजे मागं कधीतरी. मी तिला भाषाशास्त्र सांगितलं. तिनं मला समजावणं सोडून दिलं. आज वाटतं, आणखी एकदा सांगायला हवं होतं तिनं. तिचं म्हणणं, आणखी दहादा सांगितलं असतं तरी मी तिला व्याकरणच शिकवलं असतं.

एक गोष्ट मात्र साऱ्या लॅबला ठाऊक होती. बाई खरोखर रागावल्या की शुद्ध बोलत. ‘आपण’, ‘कृपया’, ‘असे करणे योग्य होणार नाही’. एरवी त्या ‘गधा’ म्हणाल्या तरी माणूस निर्धास्त चहा पीत असे, पण ‘आपण’ ऐकू आलं की लॅब रिकामी होई. शैलजाला मराठी ओ की ठो कळत नसे, तरी तीही कान टवकारायची. ‘तुझ्या गावची मराठी सुरू झाली की मी दाराशी जाऊन उभी राहते,’ असं ती मला सांगायची.

बाईंचा विषाणू मूसी नदीच्या पाण्यातला. माणसाला तो काही करत नाही, जिवाणूंच्या पोटात शिरतो. बाईंनी तो परवा पकडला होता. कुठल्या परवा, ते तुम्ही ओळखलंच असेल. त्या विषाणूचं एक प्रोटीन हा त्यांचा जन्माचा विषय.

विषय तसा सोपा आहे, निदान बाई सांगत तेव्हा सोपा वाटायचा. विषाणू आपल्या डीएनएची नक्कल काढतो तेव्हा दुपदरी दोरा उलगडून एकेरी होतो. एकेरी दोरा म्हणजे पिशवीत कोंबलेला परकराचा नाडा. स्वतःशीच गुंततो, गाठी मारून घेतो, आणि पेशीतली एन्झाइमं त्याला कुरतडायला टपलेली असतात. तेवढ्यात या प्रोटीनचे रेणू येतात आणि खांद्याला खांदा लावून दोऱ्यावर बसतात. दोरा ताठ राहतो, कुरतडला जात नाही. नक्कल काढणारं यंत्र जवळ आलं की एकेक रेणू मुकाट्यानं उठून जातो. दोऱ्यावर काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुठलाही मजकूर असो, तो बसणार. बाईंना त्याचं याच गोष्टीसाठी कौतुक. ‘अनपढ आहे म्हणून कामाचं आहे हे प्रोटीन,’ म्हणायच्या. ‘वाचायला बसलं असतं तर तुझ्यासारखं पहिल्या ओळीवर अडकलं असतं.’

त्या पेशीकडे, म्हणजे यजमानाकडे, असलं प्रोटीन असतंच. मग विषाणू स्वतःचं कशाला आणतो, असं मी एकदा विचारलं. बाई म्हणाल्या, ‘दुसऱ्याच्या गच्चीवर एवढे कपडे वाळत घालायचे तर चिमटे आपले न्यावेत.’

चिमटे हा शब्द त्या नुसता बोलत नव्हत्या. लॅबच्या खिडकीत त्यांनी एक खराखुरा नाडा बांधला होता आणि त्यावर कपड्यांचे लाकडी चिमटे ओळीनं लावले होते. संस्थेच्या सुरक्षा अधिकाऱ्यानं एकदा त्याखाली नोटीस डकवली, ‘प्रयोगशाळेत कपडे वाळत घालू नयेत.’ बाईंनी तिच्याखाली लिहिलं, ‘कपडे कुठायत?’ आणि नोटीसही एका चिमट्यानं नाड्याला लावून टाकली. त्यांच्या जगात सगळंच चिमट्यावर होतं. बिस्किटांचा पुडा, परीक्षेचे पेपर, पडदा, स्वतःचा पदर. डायरेक्टरांच्या मीटिंगला त्या एकदा खांद्यावर चिमटा तसाच ठेवून गेल्या. डायरेक्टर सारखे त्या चिमट्याकडे बघत होते म्हणून बाईंनीच खुलासा केला, ‘तुमचा पंखा जोरात आहे.’

आता शेपटाकडे येतो. या प्रोटीनचा मुख्य भाग म्हणजे पाच पट्ट्या वळवून केलेलं बुटकं पिंप. पिंपाच्या अंगावर एक खाच, खाचेत दोरा बसतो. इथपर्यंत जगात कुणाचं भांडण नाही. पण पिंपाच्या टोकाला एक लांबसं शेपूट आहे. बाईंचं म्हणणं, ते शेपूट म्हणजे हूक आहे. प्रत्येक रेणू आपलं शेपूट शेजाऱ्याच्या अंगात अडकवतो आणि अशी साखळी धरते म्हणून सगळे मिळून दोरा ताठ ठेवतात. बाकीच्यांचं म्हणणं, ते नुसतं लोंबतंय. शेपटाचा फोटो आजवर कुणालाच मिळाला नव्हता, त्यामुळे परिषदांमध्ये बाईंना मागून ‘शेपूटवाल्या बाई’ म्हणत. त्या हे नाव फार खुशीत सांगायच्या. फक्त सांगून झाल्यावर थोडा वेळ चिमट्यांशी चाळा करत बसायच्या.

मी एका सेमिनारात त्या शेपटाला ‘लोंबतं’ म्हणालो.  शनिवारी मला स्कूटरवर मागं बसवून बाई बेगम बाजारात घेऊन गेल्या. मसाल्यांच्या गल्लीत मी शिंकतोय, आणि बाई एका शिवणसामानाच्या दुकानात ब्लाउजचे हूक घाऊक मागतायत. दुकानदारानं विचारलं, ‘कित्ते ब्लाउज का है अम्मा?’

‘ब्लाउज का नै, वायरस का है,’ बाई म्हणाल्या.

दुकानदाराच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. ‘वायरस कू हूक लगता क्या?’

‘वोइच तो सवाल है मियाँ. दुनिया बोलती, नै लगता.’

त्यानं हुकांची पाकिटं पिशवीत भरली. ‘लगा के देखो. पाकीट नै खोले तो वापस ले लेतूँ.’

बाई परत येईपर्यंत स्कूटरवर हसत होत्या. आजवर त्यांच्या सिद्धांताचा इतका समतोल विचार कुणी केला नव्हता, असं त्यांचं मत पडलं. नंतर प्रत्येक चिमट्याला चिंधी गुंडाळून तिच्या एका बाजूला हूक आणि दुसऱ्या बाजूला दोऱ्याचं काज, असं शिवायचं काम माझ्याकडे आलं. पीएच.डी.च्या त्या वर्षात मी काय केलं असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर हे आहे की मी हूक शिवले. पण एक कबूल करतो. नाड्याला मध्येच ओढ दिली की बिनहुकाचे चिमटे विस्कटायचे, आणि हुकाचे चिमटे सगळे मिळून एकदम ताठ व्हायचे. मी ते पाहिलं, आणि ‘हा काही पुरावा नव्हे’ असंही म्हणालो.

बाईंची निवृत्ती जवळ आली. निवृत्तीनंतर दोन वर्षं लॅब त्यांच्याकडे ठेवायची की नाही, हे ठरवायला एक समिती यायची होती. नाही ठरलं तर लॅब रिकामी करायची, फ्रीजर दुसऱ्या गटाला द्यायचा आणि शेपटाचा विषय तिथंच संपायचा. बाईंना एकच गोष्ट हवी होती. जाण्याआधी शेपटाचा एक फोटो. त्यासाठी आधी या प्रोटीनचे स्फटिक जमायला हवेत, मग त्यांच्यावर क्ष-किरण सोडून आतली रचना काढता येते. स्फटिकांचं काम माझ्याकडे होतं, आणि हूक शिवण्यापलीकडे माझी प्रगती नव्हती.

फ्रीजरमध्ये दोन डबे होते. पांढऱ्यात शैलजानं खपून काढलेलं प्रोटीन, निळ्याच्या झाकणावरची तारीख बर्फानं पुसून टाकलेली. शैलजा रजेवर होती आणि बाई लग्नाला गुलबर्ग्याला. माझ्या हाताला निळा डबा आधी लागला. मी बाईंना फोन लावला.

‘बाई, निळ्या डब्यातलं कधीचं?’

‘निळ्या? ते परवाचं आहे रे,’ बाई म्हणाल्या, आणि तिकडे बँड सुरू झाला.

पुण्यात परवाचं म्हणजे ताजं. हैदराबादेत परवाचं म्हणजे, अक्कल असेल तर हात लावू नकोस. आता तुम्ही म्हणाल, आजोबांचा जज्ज विसरलास का? विसरलो नव्हतो. पण बाई गप्पांमध्ये कितीही सैल असोत, कामात थेंबाच्या शंभराव्या भागाचा जाब विचारणाऱ्या. तेव्हा आजोबांचा परवा वेगळा आणि फ्रीजरमधला परवा वेगळा, असा सूक्ष्म भेद मी स्वतःच काढला. वापरण्याआधी प्रोटीन जेलवर चालवून बघायचं असतं, म्हणजे ते धड आहे की तुटलंय ते कळतं. हे पहिल्या वर्षाची पोरंही करतात. पण सकाळी आलेल्या दुधाचा कोण वास घेऊन बघतं?

आणि स्फटिक जमले. असे लखलखीत, की मी आईला फोटो पाठवला. ‘खडीसाखर छान झालीय’ असं आईचं उत्तर आलं. पुढं रचनाही निघाली. पिंप दिसलं, खाच दिसली, खाचेतला दोरा दिसला. शेपूट तेवढं दिसलं नाही.

बाईंनी संगणकाच्या पडद्यावर ती रचना सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, ‘हलत असेल तर फोटोत येत नाही. मुंजीतल्या पोरांचे फोटो बघ कधी.’ आणि उठता उठता, ‘समितीत दिसलं तेवढंच बोल.’ मी हो म्हणालो. पण रात्रीतून माझ्यात एक सत्यवीर जागा झाला. गुरूविरुद्ध सत्य बोलणारा शिष्य, ही भूमिका मला आरशात फार शोभून दिसली. दाढी करताना मी तिची तालीमही केली.

समितीचे अध्यक्ष सिकंदराबादचे, वयस्कर, सुस्त. माझं भाषण सुरू झालं तसे त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या शेजारी दिल्लीचे एक सभासद, ते मात्र सगळं लिहून घेत होते. मी पिंप दाखवलं, खाच दाखवली, आणि शेवटी, कुणी विचारलेलं नसताना, म्हणालो की दोरा धरायला शेपटाची गरज दिसत नाही, सबब शेपटाला काही काम नाही.

 दिल्लीच्या सभासदांनी पेनला टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं की मग दोन वर्षं नक्की कशासाठी हवीयत.

बाई माझ्याकडे बघत होत्या.

‘आपण कोणत्या डब्यातील प्रोटीन घेतलेत?’ त्यांनी विचारलं.

शैलजा उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

मी म्हणालो, ‘निळ्या. तुम्हीच सांगितलंत, परवाचं आहे म्हणून.’ समितीची गैरसोय नको म्हणून मी त्याचं हिंदीही करून सांगितलं, की मॅडमनी स्वतः फोनवर ‘परसों का’ म्हटलं होतं.

अध्यक्षांनी डोळे उघडले. ‘मियाँ, कहाँ के हो तुम?’

‘पुणे.’

‘हौ,’ ते म्हणाले. डॉक्टरला रोग सापडला की तो जसं म्हणतो तसं. मग ते दिल्लीच्या सभासदांकडे वळले आणि त्यांनी समजावून सांगितलं, की या गावात परसों म्हणजे आजपासून मागं जावं ते गोवळकोंड्याचा किल्ला बांधेपर्यंत कुठलाही दिवस. सांगता सांगता ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

बाई हसल्या नाहीत. ‘कृपया दोन्ही डब्यांतील प्रोटीन जेलवर चालवावे,’ म्हणाल्या. शैलजा दाराशीच होती, ती धावली. समितीला जेवायला नेलं. मी जेवलो नाही, म्हणजे कुणी मला बोलावलं नाही.

जेलचं गणित असं की जड प्रोटीन वर रेंगाळतं आणि हलकं भराभरा खाली घसरतं. शैलजाच्या प्रोटीनचा पट्टा वर होता. माझ्या प्रोटीनचा पट्टा त्याच्या बोटभर खाली होता, अगदी ठळक, शंकेला जागा न ठेवणारा. मधलं ते बोटभर म्हणजे शेपूट. फ्रीजरमध्ये वर्षानुवर्षं, वीज जाता-येता ते थोडं थोडं कुरतडलं गेलं होतं. लवचीक आणि उघडं असतं म्हणून आधी तेच जातं. थोडक्यात, जे शेपूट डब्यातच नव्हतं ते मला स्फटिकात दिसलं नाही, आणि हा माझा शोध मी समितीसमोर मांडला होता.

पुढचं आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पुढं शैलजाच्या पांढऱ्या डब्यातल्या प्रोटीनचे स्फटिक जमले. शेपूट दिसलं. शेजारच्या रेणूच्या अंगात अडकलेलं, जसं खिडकीतल्या चिमट्यांचं होतं तसंच. माझं बिनशेपटाचं प्रोटीनही वाया गेलं नाही. ते दोऱ्यावर टाकून पाहिलं तर रेणू इथं एक, तिथं एक बसले, आणि मधला दोरा एन्झाइमांनी खाल्ला. शेपूट काय करतं हे त्याच्यामुळंच पटलं. शोधनिबंधात त्याबद्दल एक वाक्य आहे की शेपूटरहित नमुना अनवधानाने तयार झाला. ते अनवधान म्हणजे मी. बेगम बाजारच्या दुकानदाराला बाई खास जाऊन सांगून आल्या की हूक लागले, आता परत आणणार नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच झालेलं नव्हतं. होते ते जेलवरचे दोन पट्टे. समिती जेवून परतली, तिनं ते पट्टे पाहिले. अध्यक्षांनी विचारलं की शेपटासकट रचना मिळायला किती काळ लागेल.

‘परसों दे देती,’ बाई म्हणाल्या.

अध्यक्षांनी मान हलवली आणि कागदावर लिहिलं, दोन वर्षं. दिल्लीचे सभासद एकदा बाईंकडे, एकदा त्या कागदाकडे बघत राहिले. मग त्यांनीही सही केली.

सगळे उठले. हात मिळवणं झालं. समिती गाडीपर्यंत गेली, शैलजा तिला पोचवायला गेली. बाई खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून नाड्यावरचे चिमटे सारखे करत होत्या. ही वेळ बरी असा विचार करून मी लॅपटॉप छातीशी धरला, चपलांचा आवाज होऊ न देता खुर्च्यांच्या मागून मागच्या दाराकडे निघालो. कडीला हात लावला, तेव्हा खिडकीशी चिमट्यांचा आवाज थांबला. मी डोळे मिटले आणि ‘आपण’ची वाट पाहू लागलो.

‘ए पुणे,’ बाई मागं न वळता म्हणाल्या, ‘शेपूट कामाचं नाही म्हणायलास ना मघाशी? मग आता घालून जायलास ते कुणाचं?’